ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव

ऑलिम्पिक स्पर्धेत पदक मिळवावे, असे प्रत्येक खेळाडूला वाटते. परंतु पदकासाठी मैदानात उतरण्यापूर्वी खेळाडूला आणखी एक लढाई जिंकावी लागते. ती असते पात्रतेची लढाई. शाळेतून, महाविद्यालयातून, प्रांतातून आणि अखेरीस संपूर्ण देशातून निवड झाल्यावाचून कोणालाही ऑलिम्पिकचे दार उघडत नाही. ही निवड कधी प्रतिस्पर्ध्याशी झुंजून मिळवावी लागते, कधी स्वतःच्या गरिबीशी, तर कधी निवड करणाऱ्यांच्या अविश्वासाशी. या तिन्ही आघाड्यांवर झुंज देऊन ज्यांनी देशाला पदक मिळवून दिले, ते मल्ल म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. १९५२ साली फिनलंडच्या हेलसिंकी या राजधानीत झालेल्या ऑलिम्पिक स्पर्धेत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या गावी झाला. कृष्णा आणि कोयना या नद्यांचा संगम जेथे होतो, त्या कऱ्हाड शहराजवळचे हे लहानसे खेडे. वडील दादासाहेब हे स्वतः नामवंत मल्ल होते. पाच भावांमध्ये खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच कुस्तीचे वातावरण असल्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षापासूनच वडिलांनी त्यांना मातीत उतरविले. गावोगावच्या जत्रांतील कुस्त्या पाहत आणि खेळत खाशाबा लहानाचे मोठे झाले.

त्या काळी पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी तालमी होत्या. तालीम म्हणजे कुस्ती शिकण्याची आणि व्यायामाची जागा. तालमीच्या मध्यभागी कुस्तीचा हौद असे. या हौदातील तांबड्या मातीत तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस मिसळून ती मऊ केली जाई. पहाटे उठून मल्लांनी ही माती खणावी, जोर-बैठका काढाव्यात आणि मग वस्तादांच्या देखरेखीखाली एकमेकांशी लढत करावी, असा तेथील दिनक्रम असे. हौदात श्रीमंत-गरीब असा भेद नसे. अंगाला माती लागली की सगळे सारखेच दिसत. या मातीने खाशाबांना चपळाई दिली आणि चिकाटीही दिली.

खाशाबांचे माध्यमिक शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. तो स्वातंत्र्यलढ्याचा काळ होता. १९४२ साली चले जाव आंदोलन सुरू झाले. सातारा जिल्हा या लढ्यात आघाडीवर होता. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रतिसरकार स्थापन झाले होते. विद्यार्थिदशेतील खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना साहाय्य करून या लढ्यातील आपला वाटा उचलला. देशासाठी काहीतरी करण्याची जी ओढ तेव्हा त्यांच्या मनात निर्माण झाली, ती पुढे कुस्तीच्या आखाड्यात प्रकट झाली.

शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर ही महाराष्ट्रातील कुस्तीची पंढरी मानली जाते. राजर्षी शाहू महाराजांनी या नगरीत कुस्तीला राजाश्रय दिला, देशभरातील मल्लांना तेथे बोलाविले आणि १९१२ साली खासबाग हे भव्य कुस्ती मैदान उभारले. अशा नगरीत शिकावयास मिळणे, ही खाशाबांसाठी पर्वणीच होती. येथे बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. सकाळ-संध्याकाळ व्यायाम आणि मधल्या वेळात अभ्यास अशी दुहेरी साधना सुरू झाली.

मात्र पात्रतेची पहिली परीक्षा त्यांना महाविद्यालयातच द्यावी लागली. खाशाबांची उंची सुमारे साडेपाच फूट आणि शरीरयष्टी सडपातळ होती. मल्ल म्हटला की धिप्पाड देह, रुंद छाती आणि जाडजूड मान, असे चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर असे. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत भाग घेण्यासाठी खाशाबा गेले, तेव्हा त्यांची लहानखुरी देहयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला. खाशाबा निराश होऊन परतले नाहीत. ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि स्पर्धेत उतरण्याची परवानगी त्यांनी मागितली. ती मिळाली. मग या किरकोळ दिसणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्यापेक्षा थोराड आणि अनुभवी प्रतिस्पर्ध्यांना एकामागून एक अस्मान दाखविले. ज्यांनी त्यांना देहावरून जोखले होते, त्यांना त्यांच्या डावांनी उत्तर दिले.

खाशाबांचे खरे बळ त्यांच्या चपळाईत आणि डावपेचांत होते. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. या डावात मल्ल प्रतिस्पर्ध्याचे डोके आपल्या पकडीत आवळतो आणि क्षणार्धात त्याला जमिनीवर फेकतो. केवळ ताकदीने हा डाव साधत नाही. त्यासाठी अचूक वेळ साधावी लागते आणि प्रतिस्पर्ध्याचा तोल कोणत्या क्षणी ढळतो आहे, हे ओळखावे लागते. महाविद्यालयाच्या स्पर्धांपासून सुरू झालेली त्यांची विजययात्रा प्रांतिक आणि राष्ट्रीय पातळीवर पोचली. अखेर १९४८ सालच्या लंडन ऑलिम्पिकसाठी भारतीय संघात त्यांची निवड झाली.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ या वर्षांच्या ऑलिम्पिक स्पर्धा होऊ शकल्या नव्हत्या. त्यामुळे बारा वर्षांनंतर भरणाऱ्या लंडनच्या स्पर्धेकडे साऱ्या जगाचे लक्ष होते. स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच आपल्या ध्वजाखाली या स्पर्धेत उतरणार होता. परंतु त्या काळी निवड झाली म्हणजे प्रवासाची सोय झाली, असे नव्हते. खर्चाचा मोठा भार खेळाडूवरच पडे. शेतकरी कुटुंबातील तरुणाला तो पेलणे अशक्य होते. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासखर्चाची व्यवस्था केली आणि खाशाबा लंडनला पोचले.

तेथे त्यांच्यापुढे वेगळीच अडचण उभी राहिली. आजवरचे त्यांचे आयुष्य मातीत लढण्यात गेले होते. ऑलिम्पिकची कुस्ती मात्र गादीवर म्हणजे मॅटवर होत असे. मातीत पाय रुततो आणि मल्लाला आधार मिळतो. मॅटवर हालचाल वेगाने होते आणि पाय टाकण्याची रीतही बदलावी लागते. मातीतील कुस्ती बहुधा निकाली असे. एका मल्लाची पाठ जमिनीला लागेपर्यंत ती चाले. मॅटवरील कुस्तीला मात्र वेळेचे बंधन होते. ठरलेल्या वेळेत कोणी चितपट झाला नाही, तर पंच निर्णय देत. अनेक बारीकसारीक नियम खाशाबांना तेथेच समजून घ्यावे लागले. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी या काळात त्यांना मार्गदर्शन केले.

इतकी अपुरी तयारी असूनही खाशाबांनी सर्वांना चकित केले. ५२ किलो वजनगटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मल्लाला काही मिनिटांतच पराभूत केले. अमेरिकेच्या मल्लावरही त्यांनी मात केली. इराणचा मल्ल मन्सूर रईसी याच्याकडून मात्र त्यांना हार पत्करावी लागली. स्पर्धेच्या शेवटी त्यांना सहावे स्थान मिळाले. पहिल्यांदाच मॅटवर उतरलेल्या मल्लासाठी हे यश लहान नव्हते. पण खाशाबांचे त्यावर समाधान झाले नाही. आपण कोठे कमी पडलो, हे त्यांना नेमके उमगले होते. पुढील ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवायचेच, असा निश्चय करून ते मायदेशी परतले.

पुढील चार वर्षे त्यांनी अखंड परिश्रम केले. व्यायामाचे प्रमाण वाढविले. पूर्वीचा ५२ किलोंचा गट सोडून ५७ किलो वजनगटात लढण्याची तयारी केली. कुस्तीत वजनगट बदलणे म्हणजे केवळ अंगावर मांस चढविणे नव्हे. वजन वाढले तरी वेग कमी होता कामा नये, आणि नव्या गटातील अधिक ताकदवान प्रतिस्पर्ध्यांना तोंड देण्याची क्षमताही यावयास हवी. खाशाबांनी ही कसरत साध्य केली.

१९५२ साल उजाडले. हेलसिंकीला जाणारा संघ निवडण्यासाठी मद्रास येथे कुस्त्या झाल्या. खाशाबा उत्तम तयारीत होते. तरीही अवघ्या एका गुणाने ते मागे पडले आणि त्यांची निवड झाली नाही. हा निर्णय न्याय्य नाही, असे त्यांना मनापासून वाटत होते. एखादा मल्ल अशा वेळी नशिबाला दोष देऊन गावी परतला असता किंवा संतापाच्या भरात कुस्ती सोडून बसला असता. खाशाबांनी तसे केले नाही. त्यांनी पतियाळाचे महाराज यादविंद्रसिंह यांच्याकडे दाद मागितली. महाराज त्या वेळी भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि कुस्तीचे चाहतेही होते. आपल्याला थेट संघात घ्यावे, अशी खाशाबांची मागणी नव्हती. पुन्हा एकदा कुस्ती लावावी आणि तिचा जो निकाल लागेल तो मान्य करावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. महाराजांना ते पटले. पुन्हा चाचणी घेण्यात आली. या वेळी खाशाबांनी गुणांचा प्रश्नच उरू दिला नाही. त्यांनी प्रतिस्पर्ध्याला सरळ चितपट केले. ज्याची पाठ जमिनीला लागली तो हरला, हे सांगण्यास कोणत्याही पंचाची गरज नव्हती. खाशाबांची निवड पक्की झाली.

निवड झाली, पण पैसे कोठून आणायचे, हा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले होते. त्यामुळे पूर्वीचा राजाश्रय आता उरला नव्हता. खाशाबा आणि त्यांचे कुटुंबीय वर्गणीसाठी दारोदार फिरले. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांतील लोकांनी ज्याला जसे जमेल तसे साहाय्य केले. तरीही रक्कम अपुरीच पडत होती. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर त्यांच्या मदतीला धावून आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि त्यातून मिळालेले सात हजार रुपये खाशाबांच्या स्वाधीन केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. आपला विद्यार्थी पदक घेऊन येईल, याची कोणतीही हमी प्राचार्यांजवळ नव्हती. होता तो केवळ त्याच्या परिश्रमांवरील विश्वास. गुरूने शिष्यासाठी काय करावे, याचे यापेक्षा थोर उदाहरण क्वचितच सापडेल.

जुलै १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीच्या स्पर्धा सुरू झाल्या. खाशाबांनी ५७ किलो गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना हरविले. पदक आता दृष्टिपथात आले होते. पुढची गाठ जपानच्या शोहाची इशी याच्याशी होती. ही कुस्ती अतिशय चुरशीची झाली. पूर्ण वेळ दोघेही एकमेकांना दाद देत नव्हते. अखेरीस निर्णय इशीच्या बाजूने लागला.

या थकविणाऱ्या कुस्तीनंतर लगेचच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह याच्याशी लढण्यासाठी बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये मल्लाला अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु हा नियम दाखवून हक्काने बोलेल, असा कोणी भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. परक्या देशात, परक्या भाषेत एकट्या मल्लाने वाद तरी किती घालावा? दमलेले खाशाबा तसेच मॅटवर उतरले आणि पराभूत झाले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. २३ जुलै १९५२ या दिवशी भारताच्या क्रीडाइतिहासात एक नवे पान लिहिले गेले. याच स्पर्धेत कोल्हापूरचेच मल्ल केशव माणगावे यांनी ६२ किलो गटात चौथे स्थान मिळविले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

भारताच्या हॉकी संघाने १९२८ सालापासून सुवर्णपदकांची परंपरा निर्माण केली होती आणि हेलसिंकीतही ती राखली. त्यापूर्वी, १९०० सालच्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळविली होती. पण तेव्हा देश पारतंत्र्यात होता. स्वतंत्र भारताच्या एका खेळाडूने एकट्याच्या बळावर पदक जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाड रेल्वे स्थानकावर लोकांचा महासागर लोटला होता. शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून त्यांची मिरवणूक काढण्यात आली. ढोल-ताशांच्या गजरात, गुलालाची उधळण करीत ही मिरवणूक गोळेश्वरला निघाली. एरवी थोड्या वेळात कापले जाणारे अंतर कापण्यास त्या दिवशी कित्येक तास लागले. आपल्या वर्गणीचे चीज झाले, याचा आनंद प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता.

सत्काराच्या या धामधुमीत खाशाबांना एका गोष्टीचा विसर पडला नाही. प्राचार्य खर्डीकरांचे घर अजून गहाणच होते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः त्यांत लढले आणि मिळालेल्या पैशांतून गुरूंचे घर सोडवून दिले. पदक मिळविणारे खाशाबा थोर होतेच, पण हे ऋण फेडणारे खाशाबा त्याहून थोर वाटतात.

१९५५ साली खाशाबा मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ साली मेलबर्न येथे होणाऱ्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळविण्याची त्यांची आकांक्षा होती. परंतु गुडघ्याला झालेल्या गंभीर दुखापतीमुळे ती अपुरी राहिली. पोलीस सेवेतही त्यांनी कुस्तीच्या स्पर्धा जिंकल्या आणि आपले कर्तव्य निष्ठेने बजावले. सुमारे सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतरचे त्यांचे दिवस मात्र सुखाचे नव्हते. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. ज्या देशाला त्यांनी पदक मिळवून दिले, त्या देशाला त्यांचा जणू विसरच पडला होता. १९८२ साली दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या वेळी मशालवाहक म्हणून त्यांना मान मिळाला, एवढीच काय ती आठवण राहिली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात मात्र समाजाला आपल्या उपेक्षेची जाणीव होऊ लागली. महाराष्ट्र शासनाने त्यांना मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार दिला. केंद्र शासनाने २००० सालचा अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर जाहीर केला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला २०१० साली त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ साली घेतला.

खाशाबांच्या यशाचे मोल काळच सांगतो. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. १९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकले. कुस्तीतील पुढील पदकासाठी २००८ साल उजाडावे लागले. बीजिंग येथे सुशीलकुमार यांनी ते मिळविले. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमन सेहरावत यांनी ५७ किलो गटातच कांस्यपदक पटकाविले. त्याच स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्याचे नेमबाज स्वप्नील कुसळे यांनी कांस्यपदक जिंकले. महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास बहात्तर वर्षे लागली!

आजच्या खेळाडूला प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, वैद्यकीय मदत आणि प्रवासखर्च मिळतो. निवडीचे नियमही लेखी स्वरूपात ठरलेले असतात. खाशाबांपाशी यांपैकी काहीच नव्हते. महाविद्यालयाच्या मैदानावर त्यांना देहावरून नाकारले गेले, मद्रासला एका गुणाने डावलले गेले. दोन्ही वेळा त्यांनी कोणाची कृपा मागितली नाही. त्यांनी मागितली ती फक्त एक कुस्ती. ती मिळताच त्यांनी आपली पात्रता सिद्ध केली. आणि त्यांच्यासाठी ती संधी मिळवून देणारे लोकही तितकेच स्मरणीय आहेत: परवानगी देणारे प्राचार्य, पुन्हा चाचणी घ्यावयास लावणारे महाराज, घर गहाण टाकणारे गुरू आणि आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून वर्गणी देणारे गावकरी. एका मल्लाच्या गळ्यातील पदकात या सर्वांचा वाटा होता.